दादांच्या पाच डीव्हीडी

एप्रिल लागला की भिंगारच्या आमच्या गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत निळ्या पताका चढतात. पूर्वी त्या कागदाच्या असायच्या, मग प्लास्टिकच्या झाल्या, आता पुन्हा कापडाच्या आल्यात. दुपारच्या गरम वाऱ्यातली त्यांची फडफड मात्र तीच आहे. यंदा जयंतीला मी संगमनेरहून घरी आले, तेव्हा आई ओट्यावर बसून ती फडफड ऐकत होती. तिनं मला पाणी दिलं, बॅग आत नेऊन ठेवली आणि जेवायला बसल्यावर म्हणाली, "त्यांची ती सीडी लाव ना एकदा. आवाज ऐकावा वाटतोय."

आई डीव्हीडीला सीडीच म्हणते. त्यांची म्हणजे माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. पण त्यांचा आवाज त्याच्याही चौदा वर्षं आधी गेला होता. जाण्यापूर्वीचा तो आवाज एका उन्हाळ्यात मी पाच डीव्हीडींवर उतरवून ठेवला होता. त्या पाच डीव्हीडी टीव्हीच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या डबीत, आईनं शिवलेल्या खणाच्या पिशवीत होत्या. घासाबरोबर मी मान हलवली. लावते म्हणाले. त्या क्षणी मला त्यात काहीच अवघड वाटलं नव्हतं.

दादा लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. दिवसभर नटबोल्टांची, ताडपत्र्यांची, टायरांची नोंद ठेवायची आणि संध्याकाळी सायकल लावून पेटी काढायची. त्यांची गायन पार्टी होती. ढोलकीवाला, दोन कोरसवाले आणि मधोमध दादा. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत त्यांना घरी जेवायला सवड नसायची. राहुरी, देवळाली प्रवरा, श्रीरामपूर, कुठं कुठं जायचे. देवळालीच्या अशाच एका कार्यक्रमात आईनं त्यांना पहिल्यांदा ऐकलं होतं. गाणी ते स्वतःच लिहायचे. माझ्या आज्जीनं साक्षरतेच्या वर्गात पहिली सही केली त्यावर त्यांचं गाणं होतं, डेपोच्या भोंग्यावर गाणं होतं, आणि मी दहा वर्षांची असताना माझ्या लग्नात म्हणायला म्हणून लिहिलेलंही एक होतं. आवाज काही गोड म्हणावा असा नव्हता. खरखरीत होता, पण वर चढला की मैदानाच्या टोकाला चहा विकणाराही मान वळवून बघायचा.

सोळा वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत तो आवाज चढलाच नाही. महिनाभर घसा बसला होता, त्यांनी काढे घेतले, गुळण्या केल्या. मिरवणुकीनंतर नगरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यातल्या एका भागावर पेनानं फुली मारली. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला श्वासासाठी छिद्र ठेवू, बाकी माणूस व्यवस्थित जगेल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. दादांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बुद्धपौर्णिमा हू द्या साहेब. मग काय कापायचं ते कापा."

डॉक्टरांनी तीन आठवडे दिले. तेवढ्यानं फार बिघडणार नाही, पण त्यापुढे एक दिवसही नाही, असं बजावलं.

मी तेव्हा संगमनेरच्या एका शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागले होते. परीक्षेचे गठ्ठे घेऊनच घरी आले होते. सकाळी उठायचं, चार उत्तरपत्रिका तपासायच्या आणि थांबायचं. बाहेर दादा खाकरायचे, की आत माझ्या हातातला लाल पेन थांबायचा. आई चुलीपुढे बसून नुसती भाकरी थापत राहायची, खाणाऱ्यांपेक्षा जास्त. त्या घरात कुणालाच काही करता येत नव्हतं. शेवटी मी भिंगारच्या बाजारातल्या सलीमभाईंकडे गेले. सलीमभाई लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे, आणि दादांच्या पार्टीचे जुने श्रोते. मी म्हणाले, दादांची गाणी चित्रित करायचीत. ऐन लग्नसराई होती, त्यांना स्वतःला येणं जमणार नव्हतं. पण तिथी नसेल त्या दिवशी कॅमेरा न्या, असं म्हणून त्यांनी मला तिकाटण्यावर तो कसा बसवायचा, बोटभर लांबीची टेप कशी घालायची, लाल ठिपका कुठे दिसतो ते शिकवलं. टेप आमची, चित्र तुमचं, असं ते म्हणाले. चित्र उतरवून घ्यायचं आणि टेप परत द्यायची.

उतरवायचं कशावर, हा प्रश्न तिथून सुरू झाला. आमच्या कॉम्प्युटरला नुसता सीडी ड्राइव्ह होता, तोही वाचण्यापुरता. एका तासाच्या चित्रणानं हार्ड डिस्कचा केवढा तरी भाग भरायचा. चार टेपांचं त्यात राहणं शक्यच नव्हतं. डीव्हीडी रायटर घ्या, सलीमभाई म्हणाले.

चितळे रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले तेव्हा तिथल्या माणसानं माझ्यापुढे तीन खोकी मांडली. हा फक्त प्लस लिहितो, हा फक्त मायनस, हा दोन्ही. मी विचारलं, प्लस म्हणजे काय आणि मायनस म्हणजे काय. तो म्हणाला, कंपन्यांच्या दोन टोळ्या आहेत मॅडम, एकीनं हे काढलं, दुसरीनं ते. मग चकत्यांची नावं सुरू झाली. आर म्हणजे एकदाच लिहायची, मग तिच्यात बदल नाही. आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहायची. डबल लेयर म्हणजे दोन थर, जवळजवळ दुप्पट मावतं, पण ती घरच्या प्लेयरवर चालेलच असं नाही. रॅम म्हणून आणखी एक असते, ती इथं मिळत नाही. गणित शिकवणारी बाई मी. अधिक आणि उणे एवढ्या वेळा ऐकूनही कशातून काय वजा होतंय, ते मला कळत नव्हतं. मी पर्समधली वही काढली, दोन रकाने आखले आणि सगळं लिहून घेतलं. दुकानदार थांबून बघत राहिला. गिऱ्हाईक इतकं लिहून घेत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

घरी येऊन मी ती वही दोन दिवस वाचत होते. सायबर कॅफेत जाऊन आणखी माहिती काढली. चकतीच्या आत रंगाचा एक पातळ थर असतो, लेझरच्या उष्णतेनं त्यावर ठिपके उमटतात, तेच ठिपके म्हणजे चित्र आणि आवाज. फार वेगानं लिहिलं तर ठिपके नीट उमटत नाहीत. हे सगळं मी असं पाठ केलं, जसं परीक्षेला करतात. आज कळतं की दादांच्या आजाराबद्दल मी त्याच्या अर्धंही वाचलं नव्हतं. ते वाचायला लागले की अक्षरं हलायची. प्लस की मायनस, हे मात्र मला ठरवता येण्यासारखं होतं. त्या तीन आठवड्यांत ठरवता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट माझ्यापुढे होती, म्हणून मी ती सोडतच नव्हते.

शेवटी सलीमभाईंनी सोडवलं. रायटर दोन्ही लिहिणारा घ्या, म्हणाले, पण चकत्या मायनस आरच आणा, आपल्याकडं घरोघरी जुने प्लेयर आहेत, त्यांना तीच जास्त चालते. मी आरडब्ल्यूचं विचारलं. चुकलं तर पुसता येईल, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "ताई, ज्याच्यावर पुसता येतं त्याच्यावर दादांना ठेवायचं न्हाई." मला ते पटलं. एकदाच लिहायची, बदल नाही, पुसणं नाही. मायनस आरचा दहा चकत्यांचा डबा आणला. नावाजलेल्या कंपनीच्या चकत्या दुकानात संपल्या होत्या. ज्या मिळाल्या त्यांच्यावर नाव नव्हतं, पण डब्यावर आयुष्यभराची खात्री छापलेली होती.

मग ती दुपारची चित्रणं. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, वर पत्रा तापलेला. दादा स्वच्छ पांढरा शर्ट घालून, निळा रुमाल गळ्यात टाकून पेटीपुढे बसायचे. ढोलकीवाले काका भिंतीला टेकून. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, कुकर गॅसवरून उतरवून. मी कॅमेऱ्यामागे. छोट्या पडद्यावर दादा तळहाताएवढे दिसायचे. कपाळावरचा घाम त्या एवढ्याशा चित्रातही चमकायचा. एक कडवं झालं की ते थांबून पाणी प्यायचे, गळ्यावर हात फिरवायचे, आणि पेटीचा भाता पुन्हा हलायला लागायचा. आवाज कधी नुसताच वारा व्हायचा, कधी मध्येच दोन ओळी जुन्यासारख्या लागायच्या. त्या लागल्या की ढोलकीवाले काका माझ्याकडे बघायचे. आलं ना यात, असं त्यांना विचारायचं असायचं. मी मान हलवायचे.

सकाळी लोडशेडिंगच्या आधीच्या तासांत मी डीव्हीडी लिहायचे. वीज कधी जाणार, ते वर्तमानपत्रात छापून यायचं आणि कधी कधी वीज ते वाचायची नाही. पहिल्या दोन चकत्या अर्ध्यावर वीज गेल्यानं वाया गेल्या. एक मी घाईनं सर्वांत वरच्या वेगाला लिहिली, ती प्लेयरमध्ये अडखळली. चौथ्यांदा सर्वांत कमी वेग निवडला आणि खुर्चीत बसून राहिले. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायची. शेवटी 'फायनलाइज' असं यायचं, म्हणजे चकती कायमची बंद करायची की नाही. होय म्हटल्याशिवाय ती दुसऱ्या प्लेयरवर लागत नाही. मी होय म्हणायचे. ट्रे बाहेर यायचा, चकती कोमट असायची. वर मार्करनं लिहायचे: दादा एक, दादा दोन. चार टेपांच्या मिळून अशा पाच झाल्या. दोन कोऱ्या उरल्या. त्यांवर पाचातल्या कुठल्या दोनांच्या प्रती काढाव्यात, हे ठरेना, म्हणून काढल्याच नाहीत.

चित्रणाची मूळ फाइल मी प्रत्येक वेळी पुसली, पुढच्या टेपला जागा व्हावी म्हणून. शेवटची टेप परत द्यायला गेले तेव्हा सलीमभाईंनी आधीच्या तिन्ही कपाटातून काढून काउंटरवर ठेवल्या. अजून त्यांवर काही घेतलं नाही, म्हणाले, उद्यापासून लग्नं आहेत, टेपा कमी पडतायत, पण तुम्हाला ठेवायच्या असतील तर न्या, मी दुसऱ्या बघतो. मी नको म्हणाले. डीव्हीडी झाल्यात ना आता. इतक्या खात्रीनं म्हणाले की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला दादा विहारात गेले, वंदनेला सगळ्यांबरोबर ओठ हलवले. त्यानंतर चार दिवसांनी पुण्यात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आईला खुणेनं विचारलं, झालं का. आई झालं म्हणाली. मग त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते ते खरं झालं. माणूस व्यवस्थित जगला. डेपोत परत गेले, निवृत्त झाले, भाजी आणायचे, माझ्या मुलीला सायकल शिकवली. गळ्याच्या छिद्रावर पातळ सुती रुमाल असायचा, आणि सांगायचं ते लिहायला हाताशी एक पाटी. पेटी त्यांनी देवळालीच्या एका तरुण गायकाला देऊन टाकली. आणि त्या पाच डीव्हीडी तशाच राहिल्या. माझ्या लग्नात त्यातलं ते एक गाणं लावायचं ठरलं होतं. मंडपवाल्यानं प्लेयरही आणला होता. ऐन वेळी मीच नको म्हणाले. समोर दादा बसलेले, आणि स्पीकरमधून दादांचा आवाज. त्यांच्या देखत त्यांचाच आवाज लावायचा कसा? ते घरात असताना लावणं क्रूर वाटायचं, आणि ते बाहेर गेल्यावर लावणं चोरी केल्यासारखं. पाहुणे मागायचे तेव्हा आई पिशवी सापडत नाही म्हणायची. चौदा वर्षं कुणीही त्या चकत्या लावून बघितल्या नाहीत. वर पत्रा, खाली टीव्हीचा शेक, आणि भिंगारचे चौदा उन्हाळे. दादा गेल्यावर आणखी दोन.

जेवण झाल्यावर मी पिशवी काढली तेव्हा पहिली अडचण अशी की लावायचं कशात? प्लेयर केव्हाच भंगारात गेला होता. माझ्या लॅपटॉपला चकतीची फटच नाही. नगरच्या दोन दुकानांत विचारलं, मुलं हसली नाहीत, पण थोडं थांबून म्हणाली, ऑनलाइन बघा. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला, तो चार दिवसांनी आला. दादा एक घातली. ती आत फिरली, किरकिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग पडद्यावर आलं, ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. मी दोन घातली, तीन घातली. आई शेजारी खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसली होती. पाचवी बाहेर काढली तेव्हा तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, मशीन नवीन आहे, जमत नाहीये अजून. ती बरं म्हणाली आणि उठून आत गेली. मी चकती उजेडात धरली. कडेनं कथ्थई ढग आल्यासारखे डाग होते. मी इतका वाचलेला, पाठ केलेला तो रंगाचा थर खराब झाला होता. प्लस घेतली असती तरी हेच झालं असतं, मायनस घेतली तरी हेच झालं. दोन रकान्यांच्या त्या वहीत टेप जपून ठेवा, दर दोन वर्षांनी लावून बघा, नवी प्रत काढा, असं कुठंच नव्हतं. दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

सलीमभाईंकडे गेले. त्यांचा स्टुडिओ बंद झालाय, आता मुलगा ड्रोननं लग्नं शूट करतो. पण माळ्यावर त्यांच्याकडे जुने ड्राइव्ह होते, तीन-चार. त्यांनी पिशवी घेतली. टेपांचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या ताई. त्या वेळी मलाबी वाटलं हुतं, चकती म्हंजे पक्कं काम." दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. चार चकत्यांतून काही निघालं नाही. एकीतून सव्वा मिनिट निघालं होतं, तेही तुटक. आणि आवाजाचा भाग आलाच नव्हता.

पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले. आईला सगळं खरं सांगितलं. एवढंच आहे आणि त्यात आवाज नाही. तिनं ऐकून घेतलं. जे आहे ते दाव, म्हणाली.

लॅपटॉपवर चित्र आलं. मधूनमधून चौकोन चौकोन होत होते, रंग विटल्यासारखे. पांढरा शर्ट, निळा रुमाल, पेटी. दादा तोंड हलवत होते आणि खोलीत काही ऐकू येत नव्हतं. मला ते बघवेना. चौदा वर्षं असेच होते की ते, ओठ हलवणारे. ज्या एका जागी ते तसे नसायला हवे होते, तिथंही तसेच. मी बंद करायला हात पुढे केला. आईनं माझा हात धरला.

"थांब. बोलतायत ते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे त्यांच्या खुणा बघायचो, त्यांची पाटी वाचायचो. आईला पाटी लागत नसे. भाजी कुठली आणायची इथपासून कुणाच्या मयतीला जायचं इथपर्यंत ती त्यांच्या ओठांवरून घ्यायची, आणि चौदा वर्षं त्यांच्याशी नुसती बोलत नव्हती, भांडतही होती.

"काय म्हणतायत?"

तिनं डोळे बारीक केले. "म्हणतायत, बास कर पोरी आता. आत सोलल्यावानी होतंय." ती थांबली. चित्रात दादा कॅमेऱ्याच्या वर, थोडं बाजूला बघत होते. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. मग त्यांनी मान हलवली, किंचित हसले, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि पेटीवर बोटं ठेवली. "आता गातायत," आई म्हणाली. "सहीचं गानं हाय. आज्जीचं." आणि तिचेही ओठ हलायला लागले, त्यांच्याबरोबर, बिनआवाजाचे. दुसऱ्या ओळीत चौकोन आले, दादांचा चेहरा त्यांत फुटला आणि पडदा काळा झाला.

आईनं विचारलं, "ते बास म्हनले, मग परत का गायला लागले? मी तवा आत गेले असंन. तू काय म्हनलीस गं त्यांना?"

मी कॅमेऱ्यामागे होते. त्या चित्रात मी नाही आणि माझा आवाजही आता नाही. "आठवत नाही आई," असं मी तिला सांगितलं.

मला आठवत होतं. मी म्हणाले होते, दादा, अजून दहा मिनिटांची टेप शिल्लक आहे.

 आई खुर्ची आणखी जवळ ओढून म्हणाली, परत लाव. मी परत लावलं.